अर्धी राहिलेली यादी

विभागाच्या विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष मी बिनविरोध झाले. त्याचं कारण लोकप्रियता नव्हती, दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. परभणीच्या त्या महाविद्यालयात सार्वजनिक आरोग्य या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण घेणारे आम्ही दोन्ही वर्षांचे मिळून चाळीसेक जण होतो. कुणी नर्सिंग करून आलेलं, कुणी आयुर्वेदाची पदवी घेऊन, कुणी माझ्यासारखं साधं बीएस्सी झालेलं. सगळ्यांना एकदाची परीक्षा देऊन नोकरीला लागायचं होतं. संघटनेचं काम म्हणजे नव्या मुलांचं स्वागत, आरोग्य दिनाची फेरी, निरोप समारंभ, आणि विभागप्रमुख सरांकडे काही मागायचं असलं की पुढं होऊन बोलणं. हे शेवटचं काम कुणालाच नको होतं.

पहिल्या वर्षी मी वर्गप्रतिनिधी होते, म्हणून माझं नाव आपोआप पुढं आलं. सचिव झाला तो जिंतूरकडचा मुलगा. त्याचे वडील गावातल्या देवळात पूजा करायचे. मुलगा अबोल, अक्षर मोत्यासारखं. माझं नाव सुचवताना तो सभेत म्हणाला होता की हिनं हातात घेतलेलं काम अर्धवट राहत नाही. ते ऐकून मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू, दिवसभर बरं वाटत होतं.

मी सेलूची. सकाळच्या गाडीनं परभणीला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असं दोन वर्षं चाललं. वडील तहसील कचेरीत कारकून. अध्यक्ष झाले हे घरी सांगितलं तेव्हा आईनं साखर हातावर ठेवली. वडिलांनी विचारलं, अध्यक्षानं करायचं काय असतं? मी समारंभांची नावं सांगितली. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पेपरात बघू लागले.

विभागात दरवर्षी दिवाळीच्या आधी एक सर्वेक्षण व्हायचं. पहिल्या वर्षाच्या मुलांनी दोन-तीन गावांत घरोघर जायचं, बायकांच्या बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, छोट्या यंत्रावर हिमोग्लोबिन बघायचं आणि फॉर्म भरायचा. दुसऱ्या वर्षी अध्यक्ष आणि सचिवांनी या नव्या मुलांना सोबत घेऊन जायची रीत होती. त्या वर्षी यादीत पहिलं गाव आलं ते आदल्या वर्षीचंच. चारठाण्याच्या अलीकडं, हमरस्ता सोडून आत. कापसाची वेचणी सुरू झालेली होती, त्यामुळे बायका रानात निघायच्या आत पोचायला हवं होतं. आम्ही पोचलो तेव्हा घराघरांतून चुलीचा धूर निघत होता.

मुलांच्या जोड्या करून मी त्यांना गल्ल्या वाटून दिल्या आणि विहाराच्या पायरीवर फॉर्मांचे गठ्ठे लावत बसले. तासाभरानं एक मुलगी परत आली. एका घरातली म्हातारी रक्त देऊ देत नाही, म्हणाली. घरातल्या कुणालाच नाही, आणि शेजारणीलाही अडवून धरलंय. तुमच्यातलं मोठं कोण असेल त्याला बोलवा, म्हणते.

मी गेले. पत्र्याचं घर, पुढं मातीची ओसरी, निळ्या रंगाची भिंत आणि तिच्यावर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर. म्हातारी ओसरीवर बसली होती. तिच्या मांडीवर चार-पाच महिन्यांचं मूल झोपलेलं. मी जय भीम म्हटलं. तिनंही म्हटलं, पण बस म्हणाली नाही.

"तुमी माघल्या साली बी आल्तात," ती म्हणाली. "रगत नेलं. त्याचं काय झालं, ते सांगायला कोन आलं?"

मला घर ओळखीचं वाटत होतं आणि मी ते ओळखायचं टाळत होते. मग भिंतीचा निळा रंग, तसबिरी, दारातली दगडी रांजणी, सगळं एकदम जुळलं. वर्षापूर्वी या ओसरीवर मी स्वतः बसले होते. त्या दिवशी म्हातारी रानात होती. घरात सून होती, माझ्याच वयाची. आधी तिनं नकोच म्हटलं. सुईची भीती वाटते, म्हणाली. मग मी कुठली, कुणाची, असं विचारता विचारता तिला आमचं घर कळलं. आपलीच की गं तू, म्हणत तिनं गुळाचा काळा चहा केला. मग तोंड फिरवून, डोळे मिटून बोट पुढं केलं. टोचल्यावर तिला हसू आलं होतं, एवढंसंच होय, म्हणून.

यंत्रावर आकडा आला, तो मी फॉर्मवर लिहिला. तिनं विचारलं, किती हाय, चांगलं हाय का. मी म्हटलं, रिपोर्ट दवाखान्यात जाईल, तिथून तुम्हाला कळवतील. आम्हाला तसंच सांगून ठेवलेलं होतं. जागेवर आकडे सांगितले की बायका घाबरतात, बाकीच्या रक्त देत नाहीत. ज्यांचं कमी आहे त्यांची यादी करून आरोग्य केंद्राकडे पाठवायची, पुढचं ते बघतील.

"मावशी, सूनबाई कुठं आहेत?" मी विचारलं.

म्हातारीनं मांडीवरच्या मुलाकडे पाहिलं. "ही तिचीच लेक," ती म्हणाली. "ती न्हाई आता. बाळंतपनात गेली."

माझ्यासोबत आलेली मुलगी हातात फॉर्म धरून उभी होती. मी तिला खुणेनं बाहेर जायला सांगितलं.   त्या घरात आम्ही रक्त घेतलं नाही.

पुढची हकिकत गावातल्या आशा कार्यकर्तीनं सांगितली. आम्ही दोघी शाळेपर्यंत चालत गेलो तेव्हा त्या सांगत होत्या. सर्वेक्षण झालं तेव्हा सुनेला दिवस गेलेले होते, पण ते तिचं तिलाही धड ठाऊक नव्हतं. दिवाळी झाली की नवरा-बायको वीटभट्टीवर गेली, दुसऱ्या जिल्ह्यात. तिथं ना नोंद, ना तपासणी. उन्हाळ्याच्या अखेरीला परत आली ती नववा लागल्यावर. आशाताईंनी लगेच नाव घातलं, दवाखान्यात न्यायची तारीखही ठरवली. त्याच्या आधी दोन दिवस पोट दुखायला लागलं. गाडी मिळाली, जिंतूरला नेलं, बाळ झालं. मग रक्त थांबेना. अंगातच रक्त कमी, डॉक्टर म्हणाले. परभणीला न्यायला निघाले आणि ती वाटेत गेली.

"माझ्याकडे तिची चिठ्ठी आली असती तर मी तिला भट्टीवर जाऊच दिलं नसतं," आशाताई म्हणाल्या. मला टोचून बोलायचं म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. मनात होतं ते त्यांनी सांगितलं. "निदान गोळ्या तरी बांधून दिल्या असत्या."

परतीच्या रस्त्यावर मी गाडीत पुढं बसले होते. मुलं मागं डबे उघडून जेवत होती. मी स्वतःला परत परत सांगत होते की यादी दिली होती, सरांची सही झाली होती, आरोग्य केंद्रातच काहीतरी घोळ झाला असणार. ती यादी करण्याचं काम वर्गप्रतिनिधीचं होतं. म्हणजे माझं होतं.

विभागात पोचल्यावर मी जुन्या फॉर्मांचं कपाट उघडलं. यादी वरच्याच फाईलमध्ये होती. रेघांच्या कागदावर, माझ्या अक्षरात. पहिल्या वस्तीची नावं पूर्ण होती, दुसऱ्या वस्तीचीही. तिसऱ्या वस्तीचं, म्हणजे म्हातारीच्या गावाचं, नाव लिहून खाली रेघ ओढलेली होती. त्याखाली तीन नावं होती आणि पुढं पान कोरं. सुनेचं नाव त्या तिघींत नव्हतं. खालच्या गठ्ठ्यात तिचा फॉर्म सापडला. हिमोग्लोबिनच्या चौकटीत, बारा हवं तिथं, सहा पूर्णांक दोन असं मीच लिहिलेलं होतं.

मग सगळं आठवलं. तिसरी वस्ती करत होते तेव्हा दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीनंतर चाचणी परीक्षा आली. यादी पूर्ण झाल्याशिवाय सरांकडे सहीला न्यायची नाही, असं मी ठरवलं होतं, म्हणून झालेली पानंही तिथंच पडून राहिली. सरांनी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. काही दिवसांनी ती गोष्ट डोक्यातूनच गेली. म्हणजे प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता. त्या तिन्ही वस्त्यांतल्या कुठल्याच बाईला काही कळलेलं नव्हतं.

मी सगळ्यात आधी सचिवाला दाखवलं. त्यानं फॉर्म दोनदा वाचला. मग म्हणाला की हे तुझ्या एकटीवर नाही, सरांनी विचारायला पाहिजे होतं, आम्हा कुणालाही आठवायला पाहिजे होतं. मी त्याला म्हटलं, मला त्या घरी जाऊन सांगायचंय. 

"सांगून काय होणार?" तो म्हणाला. "ती परत येणार नाही. त्या लोकांचं दुःख मात्र दुप्पट होईल. आणि आपल्याला त्या गावात कुणी उभं करणार नाही."

तो चांगला मुलगा होता आणि माझ्या भल्याचं बोलत होता. म्हणूनच त्याचं ऐकावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी यादी वाचली, फॉर्म वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते ओरडले नाहीत. त्यांचं म्हणणं असं होतं की आपला विभाग म्हणजे दवाखाना नाही, मुलांनी शिकावं म्हणून आपण गावात जातो. या भागात रक्त कमी असलेल्या बायका घरोघर आहेत, एका कागदानं कुणाचं मरण टळलं असतं असं म्हणता येत नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, या वर्षीची यादी नीट करू, हा विषय इथंच थांबवू. मी विचारलं, मागच्या वर्षीच्या यादीचं काय करायचं? एक वर्षानं तिचा काय उपयोग, असं त्यांनी मलाच उलट विचारलं. मला तिथं उत्तर सुचलं नाही.

उत्तर सुचलं ते गाडीत, मानवत रोडच्या आसपास. ज्या बायकांचं रक्त गेल्या वर्षी कमी होतं त्या अजून त्याच घरांत होत्या. वर्ष उलटलं म्हणून रक्त आपोआप वाढत नाही. आपण कुणी त्यांना काही सांगितलेलं नाही.

मी संघटनेची सभा बोलावली. दुपारच्या सुट्टीत, मोठ्या वर्गात. आमच्या सभा म्हणजे चहा आणि हसणं-खिदळणं, त्यामुळे मुलं तशीच आली. मी उभी राहिले आणि जे झालं ते आधीपासून सांगितलं. ओसरी, बोट, आकडा, तिसऱ्या वस्तीखालची तीन नावं. यादी माझ्याकडे होती आणि ती माझ्यामुळे राहिली, हे वाक्य मी दोनदा म्हटलं.

 मग पहिल्या वर्षातल्या त्याच मुलीनं, जी माझ्यासोबत त्या घरी आली होती, विचारलं की आम्ही परवा भरलेल्या फॉर्मांचं काय होणार आहे. त्या एका प्रश्नावर सगळे बोलू लागले. कुणी म्हणालं सरांच्या विरोधात जायला नको. कुणी म्हणालं ही बातमी बाहेर गेली तर पदवीला कोण विचारणार. मागून एक जण म्हणाला की एवढं झाल्यावर अध्यक्षांनी राजीनामा द्यायला पाहिजे. मी म्हटलं, मी द्यायला तयार आहे.

तेव्हा आमच्या वर्गातली एक मोठी बाई उठली. दहा-बारा वर्षं नर्स म्हणून नोकरी करून, दोन मुलं घरी ठेवून ती शिकायला आलेली होती. सभेत ती कधी बोलत नसे.

"राजीनामा देऊन ही घरी जाईल," ती म्हणाली. "यादी कोण करणार? आधी यादी होऊ द्या. मग राजीनाम्याचं बघू."

ठराव असा झाला: मागच्या वर्षीचे सगळे फॉर्म काढायचे, ज्यांचं रक्त कमी त्या प्रत्येक बाईच्या घरी जायचं, तिचा आकडा तिला तोंडी सांगायचा आणि मराठीत लिहिलेली चिठ्ठी हातात द्यायची. हे पुरं होईपर्यंत नव्यानं कुणाचं रक्त घ्यायचं नाही. सचिवानं ठराव लिहिला. खाली पहिली सही त्यानं केली, मग वही माझ्याकडे सरकवली.

सर चिडले. हजेरीची आठवण करून दिली, अंतर्गत गुणांचीही. दोन दिवस विभागात कुणी कुणाशी मोकळं बोलत नव्हतं. आम्ही वाचनालयाच्या मागच्या टेबलावर फॉर्म वेगळे करत बसायचो. तिसऱ्या दिवशी सर तिथं आले, थोडा वेळ उभे राहिले. मग खुर्ची ओढून बसले आणि एक गठ्ठा पुढं घेऊन चाळू लागले. बऱ्याच वेळानं, मान वर न करता, म्हणाले की इतकी वर्षं शिकवतोय, पण सर्वेक्षण झाल्यावर परत एकाही गावात गेलेलो नाही. मग उठताना म्हणाले, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी मी बोलतो, तपासणीचा एक दिवस आणि गोळ्या यांची सोय करायला सांगतो. ते बोलले आणि ती सोय झाली, हे इथं लिहायलाच पाहिजे.

आम्ही त्या गावांत कितीतरी फेऱ्या मारल्या. बायका रानात असायच्या, मग बांधावर जाऊन चिठ्ठ्या दिल्या. काही जणी हसल्या, वर्षानं आठवण झाली का, म्हणाल्या. काही जणी कामाला दुसरीकडं गेल्या होत्या, त्यांच्या चिठ्ठ्या आशाताईंकडं ठेवल्या. एकीनं चिठ्ठी कंबरेला खोचली आणि कापूस वेचत राहिली. तिला ती वाचता येत नव्हती. सचिवानं तिच्या मागं मागं चालत सगळं समजावून सांगितलं, आणि तिनं एकदाही थांबून त्याच्याकडं पाहिलं नाही.

बाकी सगळ्या चिठ्ठ्या पोचल्या, पण ते एक घर मी मागं ठेवलं होतं. कुणी विचारलं की म्हणायचे, जाते.

शेवटी एका रविवारी जायचं ठरवलं आणि घरी सांगितलं. सगळं सांगितलं. आई रडली. वडील म्हणाले, मी सोबत येऊ का. मी नको म्हटलं. तरी ते कपडे घालून निघाले. "मी देवगाव फाट्यावर थांबतो. तू जाऊन ये," एवढंच म्हणाले. काळीपिवळीनं आम्ही फाट्यापर्यंत गेलो. ते हॉटेलातल्या बाकावर बसले आणि मी पुढची गाडी धरली.

म्हातारी ओसरीवरच होती. मूल आत झोळीत झोपलेलं. सुनेचा नवरा घरी होता, अंगणात बाज विणत बसला होता. त्याला मी आधी पाहिलं नव्हतं. बारीक, तरुण माणूस. या वेळी म्हातारीनं मला बस म्हटलं. मी खाली बसले, पिशवीतून फॉर्म काढला आणि मध्ये ठेवला. म्हटलं, हा सूनबाईचा कागद. त्या दिवशी रक्त मी घेतलं होतं. रक्त लय कमी होतं, ते मला त्याच वेळी दिसलं होतं. दवाखान्याला कळवायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी केलं नाही.

"म्हंजे तुला ठाऊक होतं," म्हातारी म्हणाली.

"हो."

"मग कामून सांगितलं न्हाई?"

मी सुट्टीचं, परीक्षेचं, यादीचं सांगायला लागले आणि मध्येच थांबले. "राहून गेलं," मी म्हटलं.

"राहून गेलं," ती म्हणाली. मग तिनं फॉर्मकडं बोट केलं, हात लावला नाही. "तिनं मला सांगितलं होतं तवा. आपली पोरगी आल्ती म्हनं दवाखान्याची. आपली हाय म्हून तिनं बोट दिलं. दुसऱ्या कुनाला दिलं नसतं तिनं."

नवऱ्यानं विणायचं थांबवलं होतं. त्यानं माझ्याकडं न बघता विचारलं, "तवा कळलं असतं तर वाचली असती का?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं आणि मी उत्तर ठरवून आले होते. सरांनी सांगितलेलंच उत्तर, की नक्की सांगता येत नाही. ते खरंही होतं. पण त्याच्यासमोर ते तेवढंच सांगणं मला जमलं नाही.

"नक्की सांगता येत नाही," मी म्हटलं. "पण गोळ्या सुरू झाल्या असत्या. बाळंतपण मोठ्या दवाखान्यात करायचं, रक्ताची सोय आधी करून ठेवायची, हे ठरवता आलं असतं. वाचायची आशा पुष्कळ होती."

त्यानं हातातली सुतळी खाली ठेवली. उठला, चपला पायात घातल्या आणि अंगणातून बाहेर गेला. पुन्हा मागं वळून पाहिलं नाही.

म्हातारी बसून राहिली. आत मूल कुरकुरलं, तिनं बसल्या जागेवरून झोळीची दोरी ओढली. मी माफ करा म्हणाले.  ती म्हणाली, "तू जाय आता."

मी उठले. अंगणाच्या कडेला पोचले तेव्हा तिनं मागून हाक मारली.

"समोरची दोन जिवाची हाय. तिचं रगत बगितलं का तुमी?"

मी म्हटलं, नाही, या वर्षी या गल्लीतलं राहिलंय.

"मग बगून जाय. आन् काय येईल ते तिला तितंच सांग. मी हिकडून ऐकते."

यंत्र पिशवीत होतं. समोरच्या घरातली मुलगी विशीचीही नसेल. मी तिच्या दारात बसले, बोट पुसलं, टोचलं. आकडा आला तो मी तिला सांगितला. तो किती असायला हवा ते सांगितलं, कमी आहे म्हणजे काय होऊ शकतं तेही सांगितलं. काय खायचं, गोळ्या कशा घ्यायच्या, कुठल्या दवाखान्यात नाव घालायचं, सगळं. मोठ्यानं सांगितलं. आशाताईंना बोलावून त्यांच्यासमोर पुन्हा सांगितलं. म्हातारी रस्त्याच्या पलीकडं, नातीला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. मी निघाले तेव्हा ती आत गेली.

फाट्यावर वडील त्याच बाकावर होते.  त्यांनी चहा सांगितला. मी प्यायले नाही, तर माझा कपही त्यांनीच पिऊन टाकला आणि आम्ही सेलूची गाडी धरली.

समोरच्या मुलीचं बाळंतपण परभणीला झालं, दोघं सुखरूप घरी आली. हे मला आशाताईंनी फोनवर सांगितलं. मला आनंद झाला. पण त्यानं माझ्याकडचं काही फिटलं, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. म्हातारीकडं मी त्यानंतर दोनदा गेले. दोन्ही वेळा तिनं बस म्हटलं, पाणी दिलं, त्या विषयावर काही बोलली नाही. नात आता अंगणवाडीत जाते. तिच्या बापाला मी एकदा सेलूच्या कापूस बाजारात पाहिलं, गाडीवरून गाठोडी उतरवत होता. त्यानं मला पाहिलं, ओळखलं, आणि तोंड फिरवलं. मीही पुढं गेले नाही.

राजीनामा मी यादी पूर्ण झाल्यावर दिला. संघटनेनं तो घेतला नाही, पण निरोप समारंभात बोलायला मी उभी राहिले नाही. जाता जाता आम्ही संघटनेच्या नियमांत एक कलम घातलं: ज्या घरातून रक्त घेतलं त्या घरातच आकडा सांगायचा, आणि महिन्याच्या आत परत जाऊन चौकशी करायची. मुलं त्याला परतीची फेरी म्हणू लागली. सरांनी कलमाखाली सही केली.

मी आता तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात काम करते. गेल्या वर्षी संघटनेच्या नव्या अध्यक्षेचा फोन आला. ती मला ओळखत नव्हती, जुन्या वहीतून नंबर काढला होता. सर निवृत्त झाले होते, नवीन आलेल्यांचं म्हणणं होतं की परतीच्या फेरीत फार दिवस जातात, अभ्यासक्रम मागं पडतो, ते कलम काढून टाकू. त्यांना काय सांगायचं, असं ती विचारत होती.

सांगायला मुद्दे पुष्कळ होते. मी ते न सांगता तिला हीच हकिकत सांगितली, राहिलेल्या तिसऱ्या वस्तीसकट. अर्धा तास लागला.  शेवटी तिनं त्या बाईचं नाव विचारलं. मी सांगितलं. तिनं ते लिहून घेतलं असावं, कारण थोडा वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग थँक्यू ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या वर्षी फेरी झाली. एक गाव कमी केलं, असं नंतर कळलं. पण झाली.